बिघडला तर कोणाकडे जायचे?

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या गेल्या. पंखा असो की टीव्ही, घरात येणारी प्रत्येक वस्तू चार जणांच्या सल्ल्याने येते. पण २०२४ च्या मे महिन्यात, बारावी झालेल्या धाकट्याने गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर हवा म्हटले, तेव्हा सल्ला देणारे सगळेच अडखळले.

पैशांचा हिशेब सरळ होता. गल्लीतल्या मुलांना दोन वर्षे गणित शिकवून त्याने साठवलेले २५ हजार आणि सासूबाईंनी पेन्शनमधून नातवासाठी बाजूला काढलेले ३५ हजार. मॉनिटर आत्याकडचा जुना मिळणार होता. प्रश्न इतकाच, की ६० हजारांत कंपनीचा तयार कॉम्प्युटर घ्यायचा की सुटे भाग आणून घरी जोडायचा?

ह्यांचे मत ठाम होते. "एक बिल, एक वॉरंटी. बिघडला की माणूस घरी येतो." त्यात न बोललेलेही बरेच होते. बारावीला मार्क कमी पडले होते. ज्याचे पुस्तकात लक्ष नाही, तो एवढे महागाचे भाग काय जोडणार, असे ह्यांना वाटे. महिनाभर बापलेकांचे बोलणे जेवणापुरतेच उरले होते. मला कॉम्प्युटरपेक्षा त्याचीच काळजी अधिक होती.

मी दोघांना वाणसामानासारख्या याद्या करायला सांगितल्या. ह्यांना इंटरनेटवर एक स्वस्त डबा सापडला. वर लिहिलेले, 'आय सेव्हन, १६ जीबी, गेमिंग'. मुलाने आतली नावे वाचून दाखवली. आय सेव्हन खरा, पण तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा. जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड २०१४ चे. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे काठ तेवढे जरीचे, अंग मांजरपाटाचे!

नामांकित कंपन्यांचे डबे असे नव्हते. त्यांत विंडोजचा परवाना असे, माणूसही घरी येई. पण त्याच पैशांत ग्राफिक्स कार्ड हलके मिळे, वॉरंटी बहुधा एकच वर्षाची, आणि काहींचा मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय त्यांच्याच मापाचा, म्हणजे पुढे बदलणे अवघड. सुट्या भागांत इंटेलचा आय फाइव्ह १२४०० एफ आणि आरएक्स ६६०० कार्ड बसत होते. प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी होती. मात्र विंडोज वेगळे घ्यायचे, आणि बिघाड नेमका कोणत्या भागात आहे हे आपणच शोधायचे.

शिवाय आपले रायपूर! उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, उरला-सिलतराकडच्या कारखान्यांची धूळ असतेच. म्हणून पेटी पुढून जाळीची आणि धुता येणाऱ्या गाळणीची हवी. पॉवर सप्लाय तर स्वस्तातला नकोच. तो जळताना इतर भागांनाही घेऊन जाऊ शकतो.

सासूबाई सारे ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारले, "बिघडला तर कोणाकडे जायचे?"

"माझ्याकडे, आजी," तो म्हणाला.

ह्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्कूटर ह्यांनीच काढली. दुकानदार म्हणाला, "भैया, फिटिंग यहीं करवा लो." चिरंजीव हसून नाही म्हणाले.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. बटण दाबले, पंखे फिरले, पडदा मात्र काळाच. सासूबाईंच्या ओठांवर रामरक्षा आली. तो दहा मिनिटे गप्प बसून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, टॉर्च जरा मागे धरा." त्या 'एफ' प्रोसेसरला स्वतःचे चित्र दाखवता येत नाही, मॉनिटरची वायर कार्डात लावायची, तर ती मदरबोर्डात लागली होती. वायर बदलली आणि पडदा उजळला. त्या रात्री जेवताना ह्यांनी त्याला विचारले, "त्या पॉवर सप्लायवर वॉटचा आकडा असतो, तो कसा ठरवतात रे?" महिन्याभरात प्रथमच पाने वाळेपर्यंत दोघे बोलत बसले.

तेव्हा वाचकहो, घरात हौसेने स्क्रू ड्रायव्हर हातात घेणारे कोणी असेल आणि दुकानदार प्रत्येक भागाचे पक्के बिल देत असेल, तर जरूर जोडून घ्या. तसे कोणी नसेल, तर नामांकित कंपनीचा तयार घेण्यात काहीच कमीपणा नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे चिप्स वळल्याने मेमरीचे भाव जगभर भडकले, त्यामुळे आमचा २०२४ चा हिशेब आता लावू नका. दोन्ही याद्या एकाच दिवशीच्या भावाने करा, आणि पैसे मोजण्यापूर्वी आमच्या सासूबाईंचा प्रश्न घरात सर्वांसमोर एकदा विचारा. "माझ्याकडे" असे कोण म्हणतो, ते नीट ऐका.