आत्याचा टी-सेट

आत्याच्या काचेच्या कपाटातला टी-सेट मी लहानपणापासून पाहत आले आहे. बुटकी चहाची किटली, उंच मानेची कॉफीची, दुधाचं आणि साखरेचं भांडं. १८९७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा, पणजोबांच्या साहेबाने खूश होऊन तो दिला, ही गोष्ट आमच्या घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायची.

आजी गेल्यावर १९७१ साली वाटणी झाली. एवढा वजनदार चांदीचा सेट आत्याला मिळाला, म्हणून आजीच्या सोन्याच्या पाटल्या माझ्या बाबांकडे आल्या. 'घरची चांदी सराफाला कशाला दाखवायची?' असं म्हणून कुणी ती पारखून घेतली नाही. त्या पाटल्या पुढे आईने वापरल्या. आता त्या माझ्या हातात आहेत.

गेल्या दिवाळीत आत्याचे हात दुखत होते, म्हणून सेट घासायला मी बसले. किटली उपडी केली आणि तळाशी चार अक्षरं दिसली : ई.पी.एन.एस.

मुंबईच्या चोरबाजारावर मी एकदा लेख लिहिला होता. तिथे मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानदाराने हा धडा मला शिकवला होता. निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा, असा या अक्षरांचा अर्थ. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. चांदी फक्त नावात! आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो, ते हेच. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर 'चांदी' आली. त्याआधी तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडत. ती जुनी शेफिल्ड प्लेट. ती झिजली की कडांना तांबूस रंग दिसतो. आमच्या किटलीच्या कडा पिवळट-करड्या झाल्या होत्या. आत्याने वर्षानुवर्षं रांगोळीने घासल्यावर मुलामा टिकणार तरी कसा?

अक्षरांशेजारी चौकटीत चिमुकले छाप होते. ते पाहून कुणीही फसेल, कारण कारखानदार ते मुद्दामच खऱ्या चांदीच्या छापांसारखे करत. पण इंग्लंडच्या अस्सल चांदीवर पंजा उचलून चालणारा सिंह असतो. तो इथे नव्हता.

त्याखाली 'आरडी' आणि एक आकडा. हा नक्षीच्या नोंदणीचा क्रमांक. १८८४ पासून हे क्रमांक एकपासून सुरू झाले (त्याआधी चौकटसारखी खूण असे), आणि १९०० साल उजाडलं तेव्हा ते साडेतीन लाखांच्या आसपास पोहोचले होते. आमच्या किटलीवरचा आकडा पाच लाखांच्या पुढचा! म्हणजे १८९७ साली ही नक्षी नोंदलेलीही नव्हती.

रात्रभर मला झोप आली नाही. हातातल्या पाटल्या टोचत होत्या. वाटणीत आत्या फसली होती, आणि फसवणारी माणसं माझीच होती, नकळत का होईना.

सकाळी चहा घेताना मी कसंबसं सांगून टाकलं, ''आत्या, तो सेट चांदीचा नाहीये गं.''

आत्या बशीत चहा ओतत होती. म्हणाली, ''ठाऊक आहे मला. तुझे काका आजारी होते ना, तेव्हा मोडायला नेला होता. सराफाने कानशीने घासून दाखवलं.''

''मग बाबांना का नाही सांगितलंस?''

''तुझी आई तेव्हा रोज पाटल्या घालायची. काय सांगणार?''

मी पाटल्या काढायला लागले, तर तिने माझ्या हातावर चापट मारली. मला हायसं वाटलं. (खोटं कशाला बोलू?) त्याच भरात मी तो क्रमांकही सांगून टाकला, चोरबाजारातली हुशारी दाखवत. ''आणि तो साहेब, राणीचा समारंभ, ते काही खरं नाही बरं का! किटली त्यानंतरची आहे.''

आत्याने बशी खाली ठेवली.

''साहेबाने दिला नाही?''

''निदान त्या वर्षी तरी नाही.''

ती उठून कपाटाशी गेली, किटली बाहेर काढली आणि चष्मा लावून तळाकडे पाहत राहिली. आकडा तिला वाचता येईना. मी मोठ्याने वाचला. तिने तो पुन्हा वाचायला लावला.

''मग आणला तरी कुणी गं?'' तिने विचारलं.