साठा कधीचा?

बीडहून सोलापूरकडे निघालं, की मांजरसुंब्याच्या पुढे चौसाळा लागतं. उन्हाळ्यात इथे पाणी येईल का, याचीच चिंता असते. आलेलं पाणी कसं आहे, हे विचारायला कुणाला उसंत नसते. ते पाहणं माझं काम. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मी टाकतो.

ही पावडर नुसती बघून कळत नाही. ताज्या पोत्यात शेकडा 33 भागांपर्यंत क्लोरिन असतो. ओल लागली, तोंड उघडं राहिलं, पत्र्याखाली पोतं तापलं, की तो हळूहळू उडून जातो. रंग पांढराच राहतो, रजिस्टरात साठा शिल्लक दिसतो, आणि जंतू मारायची ताकद मात्र गेलेली असते. म्हणून पोतं घेताना मी आधी उत्पादनाची तारीख वाचतो. गठ्ठे झालेला माल घेत नाही. स्वस्त मिळतो म्हणून वर्षाची बेगमीही करत नाही.

पोती फळीवर, भिंतीपासून दूर. फोडलेलं पोतं घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कारण लोखंडी डबा गंजतो. त्या खोलीत रॉकेल, युरिया किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड ठेवू देत नाही. अ‍ॅसिड या पावडरीला लागलं, की विषारी क्लोरिन वायू सुटतो. शहरातल्या जलतरण तलावांवर 65 टक्क्यांचे दाणे असतात, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही असतात. दोन्हींत क्लोरिनच, तरी एकमेकांत मिसळले तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होतो. म्हणून तिथेही ज्याचं माप त्याला, आणि तेही कोरडं.

स्वच्छ पाण्याच्या हजार लिटरला साधारण 5 ग्रॅम पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची. टँकरचं पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी. गाळ क्लोरिन खाऊन टाकतो. अर्ध्या तासानं पाणी सोडायचं आणि शेवटच्या नळावर क्लोरिन तपासायची ओटी टेस्ट घ्यायची. पाणी पिवळं झालं तर क्लोरिन तिथवर पोचला. लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा. माप बरोबर असूनही रंग आला नाही, तर मी पहिल्यांदा पोत्यावर संशय घेतो.

हंडा भरणारी बाई पाण्याची परीक्षा घेत नाही. तिच्या लेकराला जुलाब होऊ नयेत, हा भार तिनं न सांगता आमच्यावर टाकलेला असतो. ग्रामपंचायतीच्या सभेत ‘टीसीएल किती शिल्लक आहे’ एवढं विचारलं जातं. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत: पोतं कधीचं आहे, आणि ते ठेवलंय कुठे?