हातचा एक

माझ्या पहिल्या निळ्या डेकमध्ये सव्वीस उडणारे जीव होते. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात उडणाऱ्या क्रीचरला, म्हणजे जिवाला, जमिनीवरचं क्रीचर सहसा अडवू शकत नाही. मग आकाश भरून टाकलं की झालं, असा माझा सरळ हिशेब. 2019ची सुरुवात होती. समोरच्याने चौथ्या टर्नला 'कायाज रॅथ' टाकलं आणि टेबलावरचे सगळे जीव एका फटक्यात गेले. माझा हात रिकामा. तो पाच पत्ते धरून शांत बसलेला.

त्याच फेब्रुवारीत क्लीव्हलंडच्या मिथिक चॅम्पियनशिपमध्ये ऑटम बर्चेट यांनी एकरंगी निळ्या डेकवर अजिंक्यपद मिळवलं. त्यांची यादी पाहिली आणि चक्रावलोच: डेक हल्ल्याचा, आणि क्रीचर माझ्यापेक्षा कमी!

मी नव्याने मांडणी केली. पत्ता खेळायचा खर्च मानात मोजतात; एका मानाचे बारा जीव ठेवले की पहिल्या सात पत्त्यांत त्यातला निदान एक येण्याची शक्यता सुमारे 81 टक्के. एवढे पुरतात. 'मिस्ट-क्लोक्ड हेराल्ड' उडत नाही, पण त्याला कुणीच अडवू शकत नाही. त्याच्यावर 'क्युरियस ऑब्सेशन' चढवलं की ताकद एकाने वाढते आणि प्रत्येक फटक्याला एक पत्ता मिळतो. मात्र एका टर्नला जरी हल्ला चुकला, तरी ऑब्सेशन गेलं. म्हणून तर अडवता न येणारं चिमुकलं क्रीचर हवं. दांडगं पण अडून राहणारं इथे कुचकामी.

'टेम्पेस्ट जिन'ची ताकद आपल्या बेसिक आयलंडांइतकी, म्हणजे निळा माना देणाऱ्या साध्या जमिनींइतकी. लाल रंग मिसळायचा मोह मला दर महिन्याला होतो. एकदा 'स्टीम व्हेन्ट्स' घालून पाहिलं. त्यावर आयलंड असं छापलेलं असतं, पण ते बेसिक नाही. मी जिनची ताकद चार सांगितली, समोरच्याने पत्त्यावर बोट ठेवून तीन केली. तेव्हापासून फक्त आयलंड.

पण हा डेक खरा कळतो तिसऱ्या टर्नला. तीन आयलंड, टेबलावर ऑब्सेशन चढलेला हेराल्ड आणि हातात तीन मानाचा जिन. जिन उतरवला की सगळे आयलंड टॅप होतात, म्हणजे वापरून संपतात. मग समोरच्याने हेराल्ड मारला, तर एका पत्त्यात माझे दोन जातात. एक माना राखला, तर 'डाइव्ह डाउन'ने हेराल्ड वाचवता येतो. पण मग जिन हातातच. शाळेत बेरजेत हातचा विसरायचो. इथेही बरीच वर्षं तेच केलं.

परवा जिन पाचव्या टर्नपर्यंत थांबवला. चार आयलंड, त्यातले तीन जिनसाठी. समोरच्याने मारायचा पत्ता अर्धा बाहेर काढला.

"किती मोकळे?"

"एक."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या आयलंडकडे, आणि पत्ता परत हातात सरकवला. पुढच्या टर्नला जिन उडाला.

माझ्या हातात नुसतं एक जादा ऑब्सेशन होतं.