हयातीचा दाखला

आमच्या घराण्यात परदेशी गेलेला पहिला माणूस म्हणजे माझा भाचा. (आमचे आजोबा १९५४ साली गोव्याला जाऊन आले होते आणि तेव्हा तिथे पोर्तुगीज असल्यामुळे तो मान त्यांचा, असे मोठ्या काकांचे म्हणणे आहे. पण आजोबा दुसऱ्याच दिवशी पोट बिघडून परत आले, म्हणून ते आम्ही धरत नाही.) भाचा गेला तो अमेरिकेतल्या लॉरेन्स नावाच्या गावी, कॅन्सस विद्यापीठात. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी बँकेतून येऊन बूट काढतो आहे, तोच त्याचा फोन आला.

“मामा, मी रांगेत आहे.”

तिकडे पहाट होती. पहाटेच्या रांगा मला नव्या नाहीत. दुधाच्या, रॉकेलच्या, बालवाडीच्या प्रवेशाच्या रांगा मी पाहिल्या आहेत. काउंटरच्या आतल्या बाजूने तर रांग हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. म्हणून आपुलकीने विचारले, “कशाची रे?”

“बास्केटबॉलची. मॅच अजून चार दिवसांनी आहे.”

चांगली जागा मिळावी म्हणून तिथली पोरे गट करून त्या इमारतीतच मुक्काम ठोकतात. आधी चिठ्ठ्या काढून गटांचे नंबर लागतात. मग दिवसातून अधूनमधून हजेरी होते. गटातला एक तरी इसम हजर पाहिजे, नाहीतर नंबर गेला. मी अक्षरशः गहिवरलो. आमच्या शाखेत टोकन घेतलेला माणूस ‘जरा चहा पिऊन येतो’ म्हणून जातो आणि परत येऊन माझ्याशी भांडतो!

गहिवरायला आणखी एक कारण होते. मी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होतो. संघात खेळाडू बारा, त्यातला मी बारावा. मैदानावर पाच जण खेळत आणि सहा जण ‘आता आपला नंबर’ म्हणून ताटकळत. मी सर्वांचे टॉवेल सांभाळत असे.

त्यामुळे भाच्याला मी त्या इमारतीबद्दल खोदून खोदून विचारले, उरलेले स्वतः वाचून काढले. बँकेचा माणूस एकदा जुने खाते उघडून बसला की पहिल्या नोंदीपर्यंत गेल्याशिवाय राहत नाही.

पहिली नोंद १८९१ च्या डिसेंबरची. स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांना वरून हुकूम आला, की थंडीत आत कोंडून पडलेल्या द्वाड पोरांसाठी चौदा दिवसांत नवा खेळ काढा. वरून हुकूम आणि हातात चौदा दिवस, म्हणजे आमच्या मार्चअखेरीसारखेच. नेस्मिथनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. त्याने खोकी नव्हती म्हणून पीच या फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून जगभर रिंग आजही दहा फुटांवर आहे. कठडा सात फुटांवर असता तर माझे आयुष्य वेगळे झाले असते.

हे नेस्मिथ १८९८ साली कॅन्ससला नोकरीला आले आणि तिथलेच झाले. तिथल्या संघाने सुरुवातीला एका इमारतीच्या ठेंगण्या तळघरात दिवस काढले. उंच फेक करावी तर छत आड येई. गंमत म्हणजे खेळाचे हे जनक प्रशिक्षक म्हणून ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्ससच्या आजवरच्या प्रशिक्षकांत जमेपेक्षा खर्च जास्त असलेले ते एकटेच. हे वाचून मला फार बरे वाटले. माझीही कॅश कधीकधी जुळत नाही, आणि मी तर कॅश शोधूनही काढलेली नाही.

त्यांच्या हाताखाली खेळलेला एक विद्यार्थी म्हणजे फॉरेस्ट ॲलन. आवाज बोटीच्या भोंग्यासारखा, म्हणून टोपणनाव ‘फॉग’. हा खेळ नुसता खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असे गुरूंचे मत. शिष्याने ते मोडीत काढून तो कॅन्ससला ३९ हंगाम शिकवला. प्रेक्षक इतके वाढले की जुने सभागृह पुरेना. नवी इमारत बांधावी, तर कोरियातल्या युद्धामुळे पोलाद मिळेना. तेव्हा या इमारतीत लष्करी शिक्षणाचीही सोय होईल असे दाखवले आणि पोलाद सुटले. हे मला शिकवायला नको. आमच्याकडे ‘कर्जाचे प्रयोजन’ या रकान्यात लोक ‘विहिरीवरील पंप’ लिहितात आणि त्या पंपावर बसून आठवड्याने शाखेसमोरून हॉर्न वाजवत जातात.

अखेर १ मार्च १९५५ ला ‘ॲलन फील्डहाउस’चे उद्घाटन झाले. खर्च सुमारे २५ लाख डॉलर, बसायला सुमारे १७ हजार माणसांची सोय, आणि दारावर हयात असलेल्या, नोकरीत असलेल्या मास्तरांचे नाव! उद्घाटनाचा सामना कॅन्ससने ७७–६७ असा जिंकलाही.

आणि लगेच नियम आडवा आला. वयाच्या सत्तरीला निवृत्ती. ॲलननी विल्ट चेंबरलेन नावाचा सात फुटांवरचा पोरगा खटपट करून विद्यापीठात आणला होता, पण पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात घेत नसत. पोरगा दुसऱ्या वर्षात जाईपर्यंत, १९५६ साली, मास्तर घरी! डिसेंबरात चेंबरलेन पहिला सामना खेळला आणि त्याने ५२ गुण केले. ज्याच्या नावाची इमारत, तो सोडून बाकीच्यांनी त्याला खेळवले. नव्या शाखेचे इंटीरियर होईस्तोवर धूळ खाणारा मॅनेजर नेमका उद्घाटनाच्या महिन्याअखेरीस निवृत्त होतो, तसे हे.

आज तिथल्या लाकडी मैदानाला नेस्मिथचे नाव आहे आणि छपराला ॲलनचे. खाली गुरू, वर शिष्य. २०१७ साली तिथल्या आरडाओरड्याची नोंद १३०.४ डेसिबल झाली. आमच्या गल्लीतल्या गणेशमंडळाने कुणी मापायला येत नाही म्हणून तेवढा विक्रम घालवला आहे. नेस्मिथनी टंकलिखित करून फलकावर लावलेले तेरा नियम, म्हणजे दोन कागद, २०१० साली डेव्हिड बूथ या माजी विद्यार्थ्याने लिलावात ४३ लाख डॉलरला घेतले. इमारतीला लागले त्याहून जास्त! ते आता तिथेच, शेजारच्या इमारतीत काचेमागे आहेत. त्या दिवसापासून आमच्या नोटीस बोर्डावरचे परिपत्रक काढताना माझा हात थरथरतो.

एवढी माहिती जमल्यावर ती सांगायला माणूस हवा. सौ.ला सांगितली, तर ती म्हणाली, “त्या टोपल्यांतली फळं कुठं गेली?” मग नोव्हेंबर उजाडला आणि काउंटरवर सर आले.

सर म्हणजे आमच्या कॉलेजचे जिमखान्याचे सर. दर नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत हे माणसाने स्वतः येऊन सांगितले तरी पूर्वी सही लागे, आता यंत्रावर अंगठा लागतो. सरांचा अंगठा यंत्र दर वर्षी नाकारते. “चाळीस वर्षं चेंडूनं रेषा खाल्ल्या रे,” सर दर वर्षी म्हणतात. आणि दर वर्षी मी खाली बघतो.

कारण माझ्या शेवटच्या वर्षी, शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला सरांनी टॉवेल माझ्या हातातून काढून मला आत पाठवले होते. एका गुणाने मागे होतो. चेंडू माझ्याकडे आला. समोर रिंग, मध्ये कोणी नाही. मी पास केला. कोणाला, ते आजतागायत समजलेले नाही. सर तेव्हा काही बोलले नाहीत. नंतरही नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पाचव्या खेपेला अंगठा लागला. मी सरांना आत बसवून, चहा मागवून कॅन्ससची सगळी हकिकत सांगितली. मास्तरांच्या नावाची इमारत सांगताना माझा आवाज चढला. आमच्या कॉलेजने सरांच्या कोर्टावर बहुउद्देशीय सभागृह बांधले आहे. त्यातला प्रमुख उद्देश लग्ने. नाव देणगीदाराचे.

सरांनी बशीत चहा ओतला. “नावाचं काय घेऊन बसलास? रिंग दहा फुटांवर आहे ना त्यांची?”

“आहे, सर.”

“मग झालं. आपला एक खांब राहिलाय, ठाऊक आहे? स्कूटर स्टँडमागं. पोरं लोंबकळून लोंबकळून रिंग खाली आणतात. बघायला पाहिजे.”

बँक सुटल्यावर आम्ही गेलो. सरांच्या पिशवीत मोजपट्टी होती. ती दर नोव्हेंबरात असते, हे मला त्या दिवशी कळले. बँकेतून ते दर वर्षी तिथेच जात. मी कॅन्टीनच्या स्टुलावर चढलो, सरांनी खालचे टोक धरले. नऊ फूट साडेदहा इंच.

“दीड इंच,” सर म्हणाले. प्राचार्यांना अर्ज करायचे ठरले.

वॉचमनच्या मुलाकडे एक मळका चेंडू होता. सरांनी तो मागून घेतला आणि काही न बोलता माझ्याकडे टाकला. मी आजूबाजूला पाहिले. वॉचमनचा मुलगा मोकळा उभा होता, पास द्यायला अगदी सोयीचा. ऑफिसचे बूट, पोटावर ताणलेला पट्टा, वय सेहेचाळीस. मी चेंडू टाकला.

रिंगला लागलाच नाही. फळ्याच्या वरून गेला आणि पलीकडे एका स्कूटरवर आदळला. तिचा भोंगा जो सुरू झाला तो थांबेना. वॉचमन धावत आला.

सर मोजपट्टी गुंडाळत होते. “असू दे,” ते म्हणाले. “टाकलास ना? तुझा दाखला पंचवीस वर्षं राहिला होता, तो आज जमा झाला.”

स्कूटरच्या आरशाचे साडेतीनशे रुपये मी दिले. पावती जपून ठेवली आहे.