भिंतीपलीकडचा शड्डू

करंज्यांचा पहिला घाणा कढईत होता. वहिनी झाऱ्याने त्यांच्यावर तेल उडवत होती, मी कातण्याने कडा कापत होते आणि भाची स्वयंपाकघराच्या दारात बैठका मारत होती. घाणा उतरला की थांबायची, नवा पडला की पुन्हा सुरू. करंजी मंद आचेवरच तळावी लागते, घाई केली की फोड येतात, त्यामुळे तिला एकेका घाण्याला भरपूर वेळ मिळत होता. वहिनीने आधी बघून न बघितल्यासारखं केलं. शेवटी न राहवून म्हणाली, "अगं, सणासुदीचं तरी राहू दे की!" भाचीने बैठक न मोडता नुसती मान हलवली.

आदल्या रात्री तिच्या प्रशिक्षकांचा निरोप आला होता. दिवाळीत सराव बंद राहणार नाही, वेळ तेवढी पहाटेची. "आत्या, ऐक" म्हणून तिने तो मला वाचून दाखवला. मी तक्रार ऐकायच्या तयारीत होते, तर तिच्या आवाजात चक्क सुटका होती. शाळकरी मुलीला दिवाळीत पहाटे उठून घाम गाळायला मिळणार, याचा आनंद झालेला. तेव्हापासून माझ्या मनात तेच घोळतं आहे.

ती कुस्ती खेळते, मॅटवरची. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्यानंतर आमच्या घरात या विषयावरचे वाद बरेच मिटले. आता उरलेत ते वेळेचे, दुधाचे आणि कपडे धुण्याचे.

माझी कुस्तीशी ओळख कानांनी झाली. कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत आणि तालमीची भिंत एकच होती. आत काय चालतं ते आम्हा मुलींना कधी दिसलं नाही, उंबऱ्यापलीकडे जायची रीतच नव्हती. पण आजीच्या कुशीत झोपलेली मी पहाटे जागी व्हायचे ती तिथल्या आवाजांनी. आधी दाराची कडी वाजायची. मग हौद्यात फावडं चालायचं. माती उकरण्याचा तो आवाज कोरडा नसतो, कारण माती कोरडी नसते. तिच्यात तेल मुरलेलं असतं, ताक, हळद, लिंबू आणि कापूर असतो. पावसाळ्यात भिंत ओली झाली की त्या सगळ्याचा एक उग्र, औषधी वास आमच्या माजघरात उतरायचा. मला तो अजून आवडतो. मग जोर मारणाऱ्यांचे श्वास, एका लयीत, नवी पोरं असली की लय तुटलेली. मग कुणाचा तरी शड्डू. आणि त्यानंतर धप्प.

त्या धप्पवरून आजी सगळं सांगायची. "हा पाठीवर पडला." "हा नुसता खाली बसला, चीत नाही." तीही कधी आत गेलेली नव्हती. एवढी वर्षं भिंतीला पाठ लावून तिने काकडे वळले होते, लसूण सोलला होता, आम्हाला झोपवलं होतं. ढाक लागला की दोन आवाज येतात आणि पट काढला की एकच, हे मला तिने शिकवलं. पुढे खासबागेत, शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या त्या मैदानात, मी पहिल्यांदा कुस्ती डोळ्यांनी पाहिली, तेव्हा क्षणभर डोळे मिटून आजीचं खरं का खोटं ते ताडून घेतलं. खरं होतं.

नरकचतुर्दशीला मात्र पेच पडायचा. उजाडायच्या आत अभ्यंगस्नान झालं पाहिजे हा आपला नेम आणि उजाडेपर्यंत मेहनत चालली पाहिजे हा तालमीचा. मी आजीला विचारलं होतं, मग ती पोरं नरकात जाणार का? आजी माझ्या पाठीला उटणं चोळत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "त्यांची तालीम आज तासभर आधी भरती. ऐकलं न्हाईस व्हय? मागाशीच कडी वाजली." आणि खरंच, आम्ही कारीट फोडत होतो तेव्हा पलीकडे घागरींनी पाणी ओतल्याचे आवाज येत होते. वस्तादांनी सणासाठी मेहनत कमी केली नव्हती आणि मेहनतीसाठी सणही सोडला नव्हता. दोन्हीला जागा व्हावी म्हणून त्यांनी झोप कापली होती.

आपण वर्षातून एकदा अंगाला तेल चोळून घेतो आणि तेवढ्याने दिवाळी आल्यासारखं वाटतं. पलीकडची पोरं एकमेकांना रोज मालिश करायची. अभ्यंग त्यांच्या नित्याचा भाग होता, त्यामुळे सणाच्या दिवशी त्यांना फारसं काही बदलावं लागत नसावं. उटण्याच्या वासाची भर पडायची इतकंच.

धनत्रयोदशीला आजी फराळाचा डबा तालमीत पाठवायची. बेसनाचे लाडू, साजूक तुपातले, सढळ हाताने. चकली नाही, चिवडा नाही. तळकट-तिखट पैलवानाला कशाला, हा तिचा निवाडा होता. डबा परत द्यायला वस्ताद स्वतः येत. सोप्यातही बसत नसत, पायरीवर उभे राहत. घरचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात मूठभर बदाम असत, थंडाईसाठी आणलेल्यातले. एका दिवाळीत आजोबांनी त्यांना विचारलं, "चार दिवस सुट्टी द्यावी की पोरांना, गावाकडं जाऊन येतील." वस्ताद हळू बोलायचे, तालमीतला त्यांचा आवाज आणि पायरीवरचा आवाज ही दोन वेगळी माणसं होती. म्हणाले, "जायचं त्यानं जावं, मी कुणाला धरून ठेवत न्हाई. पर हौदा बंद ठेवता येत न्हाई, अण्णा. चार दिवस माती हलवली न्हाई की दगड होती. मग त्यावर पडलेल्या पोराची हाडं कोण बघणार?"

मला तेव्हा वाटलं होतं ते शिस्तीविषयी काही बोलतील. ते मातीविषयी बोलले. रोज उकरायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, फळी ओढून सारखी करायची, तेव्हा ती पडणाऱ्याला झेलते. गावी न गेलेली दोन-तीन पोरं पुरेत, पण ती हवीत. पाडव्याला कुस्ती झाली नाही तरी फावडं चालायचंच. ते मी ऐकलेलं आहे.

मॅटला हे काही लागत नाही. पुसून ठेवली की महिनाभराने तशीच. भाचीच्या वर्गाला सुट्टी न देण्यामागे प्रशिक्षकांचं कारण वेगळं असणार, आणि मला ते उमगतं. पावसाळा सरला, वाफसा आला, ऊस तुटायला लागला की आमच्याकडे मैदानं ठरायला लागतात. राज्यपातळीवरच्या मोठ्या लढतीही बहुतेक थंडीतल्या. म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडाशी दिवाळी येते. चार दिवसांच्या विश्रांतीने पैलवान कच्चा होत नाही, उलट दुखरे सांधे निवतात. ताकद दोन-तीन आठवडेही बऱ्यापैकी टिकते, दमसास आधी उतरतो. पण चार दिवसांना पाहुणे जोडले जातात, पाहुण्यांना तुळशीचं लग्न, आणि पहाटेचा गजर एकदा बंद केला की तो पुन्हा लावायला कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. वस्तादांचं एक वाक्य आजोबा सांगायचे, "दम आधी जातोय, ताकद मागनं." कसरत केलेल्या कुठल्याही माणसाला हे छातीत जाणवतं.

सण आणि सराव एकत्र नांदतात म्हणून हत्यारांची गोष्ट मला फार आवडते. खंडेनवमीला तलवारी, भाले, दांडपट्टे पुसून, तेल लावून, झेंडूची फुलं वाहून पुजायचे. विजयादशमीला दसरा चौकात सोनं लुटायचं. आणि मर्दानी खेळाचे आखाडे कोल्हापुरात अजून आहेत, तिथे मुली पट्टा फिरवतात, लाठी फिरवतात. २०२४ साली सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण पट्टा फिरवायला मनगट नव्हे तर कोपर आणि खांदा लागतो, आणि तो फिरताना पाहणं हे या शहरातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे. पोलादालाही पुजेपुरतीच विसावण्याची मुभा, मग पुन्हा हातात. आपल्या सणांना सरावाचं वावडं कधीच नव्हतं. नागपंचमीला गावोगावी कुस्त्या, जत्रेला कुस्त्या. सण म्हणजे घरी बसून खाणं, हे कधी ठरलं कोण जाणे.

जपानमध्ये थंडीचाच सण करून टाकलाय. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोत सुरू केलेल्या जुदोच्या कोदोकानमध्ये जानेवारीत ‘कानगेको’ असतो. सगळ्यात कडाक्याच्या दिवसांत, सलग दहा दिवस, पहाटे साडेपाचपासून सराव. त्याच महिन्यात ‘कागामीबिराकी’ येते. नव्या वर्षाला देवापुढे ठेवलेला, वाफवलेला चिकट तांदूळ कुटून केलेला मोची तोवर कडक झालेला असतो. तो सुरीने कापत नाहीत, हाताने किंवा लाकडी मोगरीने फोडतात, कापणं अशुभ म्हणून. जुदोच्या, केंदोच्या सरावशाळांमध्ये आधी कसरती आणि प्रात्यक्षिकं होतात, मग तो मोची अझुकी या कडधान्याच्या गोड, गरम कढणात घालून सगळे एकत्र खातात. मला त्यातली मांडणी पटते. गोडधोड खायला मुलांनी सराव बुडवून घरी जायचं नाही, गोडधोडच सरावाच्या जागी आणायचं. आजीचा डबा पलीकडे जायचा तो याच वाटेने.

वहिनीला हे मी करंज्या भरता भरता सांगितलं. ती हसली नाही की वादही घातला नाही. पुढच्या घाण्याच्या वेळी एवढंच विचारलं, "तिच्या वर्गात किती पोरी आहेत गं?" मग बेसन मोजून बाजूला काढलं. बेसन भाजायला घाई नाही, ते बदामी रंगाचं होईपर्यंत हात थांबवायचा नाही, तूप सुटल्याशिवाय साखर घालायची नाही. याबाबतीत मी आजीहून कडक आहे.

भाऊबीजेचं तेवढं राहिलं होतं. भाचा पुण्याहून येणार, त्याला ओवाळायचं, आणि ही पहाटे मॅटवर. ते बहीणभावंडांनी फोनवर परस्परच ठरवून टाकलं. तो रातराणीने येईल, स्टँडवरून थेट सरावाला जाऊन बसेल आणि तिला घेऊन घरी येईल. ओवाळणीत काय हवं ते तिने आधीच सांगितलंय, कुस्तीचे बूट, जुन्यांचा तळ सुटलाय. मापाचा आकडा तिने त्याला चुकीचा कळवला होता, मागच्या वर्षीचा. मी पायाखाली कागद ठेवून पेन्सिलीने नवं माप काढून पाठवलं आहे.