बंदुकीची शिकवणी

शिकवणी या शब्दाशी आमच्या घराण्याचा फार जुना परिचय आहे. मला गणिताची शिकवणी होती, माझ्या मुलाला इंग्रजीची होती, आणि आम्ही दोघेही त्या त्या विषयात जेमतेमच पास झालो. त्यामुळे गेल्या वर्षी आठवीतली नात जेवताना म्हणाली, "आजोबा, मला शिकवणी लावायची आहे," तेव्हा मी मान वर न करताच विचारले, "कसली?"

"बंदुकीची!"

माझा घास हातातच राहिला.

खरे म्हणजे नगरच्या माणसाने बंदुकीच्या नावाने दचकावे हे बरे नव्हे. गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे; पण आम्हा म्हाताऱ्यांच्या जिभेवरून 'नगर' अजून उतरत नाही. विजापूरच्या बुरुजावर ठाण मांडून बसलेली मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली इथेच ओतली गेली. इथे लष्कराचे रणगाडा शिक्षणकेंद्र आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि के. के. रेंजवर गोळाफेक सुरू झाली की तिचे दणके दूरवर ऐकू येतात. अशा गावात सारी हयात गेली, तरी बंदूक एक तर सीमेवरच्या जवानाची नाहीतर सिनेमातल्या गुंडाची, अशीच माझी समजूत! नातीने मात्र माझ्यापुढे स्वप्नील कुसाळेचे नाव ठेवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा हा मुलगा 2024 साली पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवले, त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढा दाखला दिल्यावर म्हाताऱ्याने काय बोलावे? सूनबाई म्हणाली, "बाबा, एकदा बघून तर या."

शिकवणारे गृहस्थ निवृत्त सुभेदार. भिंगारच्या बाजूला त्यांच्या घरामागे पत्र्याची लांबट शेड. एका टोकाला उभे राहण्याची जागा आणि तिथून बरोबर 10 मीटरवर वर्तुळांचा कागद. एका वेळी एकच विद्यार्थी, हा त्यांचा नेम. बंदूक हवेच्या दाबावर चालणारी. पण पहिला सबंध तास त्यांनी पोरीच्या हाती छर्रा दिलाच नाही. "बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. नळीचं तोंड माणसाकडे कधीही नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही." हे तिच्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतले आणि वर म्हणाले, "नेम चुकला तर कागद फुकट जातो, बेटा. तोंड चुकलं तर माणूस जातो."

पुढच्या खेपेला त्यांनी तिला दोन्ही हातांचे पंजे जोडून मधे फट ठेवायला सांगितले आणि त्या फटीतून समोरचा खिळा बघायला लावला. मग एकेक डोळा मिटून पाहायचा. उजवा उघडा असता खिळा नाहीसा होई; डावा उघडा असता जागच्या जागी दिसे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या आमच्या नातीचा नेमाचा डोळा डावा निघाला! शाळेच्या शिबिरात तीस मुलींच्या रांगेत ती उजव्या डोळ्याने नेम धरून सारखी चुकत होती आणि 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खात होती. एकट्याने शिकण्याचा फायदा मला त्या दिवशी कळला. तिथे दोष लपत नाही हे खरे, पण नसलेला दोष माथीही येत नाही.

महिनाभर मी नुसता खुर्चीवर बसून होतो. एके दिवशी सुभेदार म्हणाले, "साहेब, तुम्हीही बघा ना धरून." मी बंदूक उचलली. त्या कागदावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, मोहरीहूनही बारीक! माझी नळी मात्र वाऱ्यावरच्या ज्वारीच्या कणसासारखी डुलत होती.

"हलतंय हो," मी म्हणालो.

"सगळ्यांचंच हलतं. मोठमोठ्या खेळाडूंचंही थोडं हलतंच. ते थांबवायला जाऊ नका. श्वास सोडा, थोडं थांबा, अलगद चाप दाबा."

मी थांबलो, पण चाप दाबेना. डोळ्यापुढे धूसर होऊ लागले. हट्टाने दाबणार, इतक्यात ते म्हणाले, "खाली घ्या! वेळ टळली की मारायचं नाही. खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. खाली घेणं हाही नेमच आहे."

ते वाक्य मला लागले, आणि त्याला कारण होते. माझ्या कोटाच्या खिशात त्या दिवशी एक पत्र होते. पारनेरला आमची वडिलोपार्जित विहीर आहे. तिच्या पाळीवरून धाकट्या भावाशी माझा दोन वर्षे अबोला होता. आदल्या रात्री रागाच्या भरात चार पाने लिहिली होती. एकेक वाक्य असे धारदार, की वाचून मलाच कौतुक वाटले होते! शिकवणीहून परतताना ते टपालात टाकायचे होते. तोंड कुणाकडे रोखले होते, हे मला त्या शेडमध्ये उमगले.

घरी येताना पोस्टाची पेटी लागली. मी खिशात हात घातला आणि काढून घेतला. नात म्हणाली, "आजोबा, पत्र टाकायचं होतं ना?" मी म्हटले, "वेळ टळली."

नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना 1951 सालची, आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, असे मी पुढे वाचले. सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला गांधीजींचा हा अनुयायी बंदुकीच्या खेळाचा धुरीण कसा, याचे मला पूर्वी नवल वाटले असते. आता वाटत नाही.

नातीला अजून पदक मिळालेले नाही. पण अभ्यासाला बसली की आता ती दर पाच मिनिटांनी उठत नाही, आणि पेपर अवघड गेला तर रडत नाही. 'पुढचा छर्रा' म्हणते. त्या दिवाळीत भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी चकल्यांचा डबा घेऊन पारनेरला गेलो. भाऊ ओट्यावर होता. बराच वेळ दोघेही गप्प. मग तो म्हणाला, "दादा, हात धुऊन घ्या. पानं वाढलीत."

पाळीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण विहिरीवर आता आम्ही दोघे मिळून जातो.