काचेची धूळपाटी

मराठीत ‘धूळपाटी’ हा शब्द आता पुष्कळसा स्मरणापुरता उरला आहे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटाने तीवर अक्षर काढावे, पंतोजींनी ते पाहिले की हाताच्या एका फटकाऱ्याने सारे मोडून पुन्हा नवे अक्षर गिरवावे, अशी ही जुनी रीत होती. कागद महाग असलेल्या काळातील एक काटकसरीचे साधन, एवढेच तिचे वर्णन करणे अपुरे ठरेल. धूळपाटीचा खरा गुण असा, की तिला स्मरणशक्ती नव्हती. चुकलेले अक्षर क्षणात नाहीसे होई आणि त्या चुकीला शिष्य व गुरू यांच्याखेरीज तिसरा साक्षीदार नसे. शिकणाऱ्याला लागणारी ही विस्मृतीची सवलत त्या साधनातच अंगभूत होती.

एकविसाव्या शतकात मुलांचे बोट पुन्हा पाटीवर फिरू लागले आहे. ही पाटी काचेची आहे. वरवर पाहता तिच्यावरचे अक्षरही बोटाच्या एका हालचालीने पुसले जाते. परंतु ही पाटी सहसा काही विसरत नाही. शिकवलेला तास, विचारलेला प्रश्न, दिलेले अर्धवट उत्तर, सारे कोठे तरी साठून राहते. धुळीच्या पाटीकडून काचेच्या पाटीकडे झालेल्या या प्रवासाचा ताण सर्वाधिक कोणाला जाणवला असेल, तर तो विद्यार्थ्याला नव्हे. नुकत्याच वर्गावर उभ्या राहिलेल्या शिक्षकाला.

या प्रश्नाचा विचार चेन्नईच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी उद्बोधक आहे. अध्यापनातील तंत्राचा एक मोठा प्रयोग याच शहरात, ते मद्रास असताना, अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ मध्ये एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. गोऱ्या सैनिकांची ही मुले. त्यांतील अनेकांच्या माता हिंदी. एके दिवशी बेलने एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढीत असलेली पाहिली आणि ही रीत आपल्या आश्रमात आणण्याचे ठरविले. तेथील पगारी शिक्षकांना ती मानवली नाही. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती मुळाक्षरांचा वर्ग सोपविला. वाळूची पाटी आणि मुलांनीच मुलांना शिकविणे या दोन गोष्टींतून जी पद्धत आकाराला आली, तिचा वृत्तांत बेलने १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. पुढे ती ‘मद्रास पद्धत’ या नावानेच इंग्लंडभर पसरली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावातील एक शाळा आजही ‘मद्रास कॉलेज’ हे नाव धारण करते, ते या इतिहासामुळे.

याच सुमारास एक मराठी विद्यार्थीही या शहरात शिकत होता. तंजावरचे दत्तक राजपुत्र सर्फोजी यांना १७९३ मध्ये मिशनरी श्वार्त्स यांनी मद्रासला आणले आणि गेरिके यांच्याकडे त्यांचे अध्ययन सुरू झाले. १७९८ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी तंजावरात शाळा काढल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरी मुद्रणालय उभारले. तेथून इसापच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी रूप बाहेर पडले, तेव्हा सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे मुंबईतील भाषांतर यायला पुष्कळ वर्षे अवकाश होता. एकाच शहरातून निघालेल्या या दोन वाटा लक्षात घेण्याजोग्या आहेत. बेलच्या तंत्राने थोड्या खर्चात पुष्कळांना शिकविण्याची युक्ती दिली; सर्फोजींच्या तंत्राने मुलाच्या हाती त्याच्या भाषेतील पुस्तक दिले. शिक्षणात यंत्र किंवा तंत्र जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तेव्हा या दोहोंपैकी कोणता हेतू प्रबळ होता, हे विचारणे अगत्याचे ठरते.

एग्मोरपासून जवळच नुंगंबाक्कम आहे. तेथील कॉलेज रोडला हे नाव मिळाले ते फोर्ट सेंट जॉर्जच्या कॉलेजावरून. १८१२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत कंपनीचे नवथर अधिकारी मुनशी-पंडितांकडून दक्षिणेतील भाषा शिकत. दक्षिणी भाषांचे कुल संस्कृतहून स्वतंत्र आहे, हा सिद्धान्त फ्रान्सिस व्हाइट एलिसने १८१६ मध्ये मांडला, तोही याच विद्यापरिसरातून. आज या रस्त्यावर तमिळनाडूच्या शालेय शिक्षण खात्याचे मुख्य आवार आहे, मद्रास लिटररी सोसायटीचे जुने ग्रंथालय आहे, १९१५ चे महिला ख्रिश्चन महाविद्यालय आहे आणि वेधशाळेची जागाही आहे. १७९२ मध्ये उभारलेल्या त्या वेधशाळेची वेळ पुढे तारेने दूरदूरच्या रेल्वे स्थानकांवर पोचू लागली. ‘मद्रास टाइम’ मुंबईच्या रेल्वेलाही लागू झाली. मुंबईकर मात्र आपली स्थानिक वेळ सोडावयास राजी नव्हते, आणि १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही ती त्यांनी १९५५ पर्यंत टिकविली. तारेने संदेश पोचविणे एक आणि तो मनात रुजणे दुसरे, याचा एवढा बोलका दाखला दुसरा सापडणे कठीण.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि नुंगंबाक्कमच्या या शाळा-महाविद्यालयांच्या वस्तीत फळे कोरे राहिले. शिक्षण मात्र थांबले नाही, असे सांगण्यात येत होते. राज्याची ‘कल्वि’ ही शैक्षणिक वाहिनी आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झालेली होती. ज्या शाळांना शक्य होते, त्यांनी संगणकाच्या पडद्यावर वर्ग भरविले. त्या जूनमध्ये नोकरीचे पहिले वर्ष सुरू करणाऱ्या एखाद्या शिक्षिकेचे चित्र येथे डोळ्यांपुढे आणावे. तिला नाव देण्याचे कारण नाही. घरात दक्षिणी वळणाची मराठी, रस्त्यात तमिळ आणि वर्गात इंग्रजी, अशी तीन भाषांची सवय असलेली, बी.एड.च्या सराव पाठांत फलकलेखनासाठी शाबासकी मिळालेली. टाचणवही नीटनेटकी ठेवणारी. तिच्यासमोर चाळीस मुलांच्या जागी नावे लिहिलेले चाळीस काळे चौकोन आले.

अध्यापनाचे शास्त्र पुस्तकांत असते. त्याची कला मात्र समोरच्या चेहऱ्यांवरून शिकावी लागते. अपूर्णांकाचा भागाकार सांगताना तिसऱ्या बाकावरची मान किंचित वाकडी झाली की उदाहरण बदलायचे, ही गोष्ट कोणत्याही टाचणात लिहिलेली नसते. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या शिक्षकाने ते चेहरे आधीच गोळा करून ठेवलेले असतात. पडद्याआडच्या मौनाचा अर्थ तो त्या संचितावरून लावू शकतो. नवशिक्षकाजवळ हे भांडवल नसते. “समजले का?” या प्रश्नाला उत्तर येत नाही, आणि ते न येण्याचे कारण अज्ञान आहे, कंटाळा आहे, की तुटलेली जोडणी, हे ओळखण्याचे साधन तिच्याजवळ नसते. ती बोलत राहते. मौनाची भीती वाटणारा शिक्षक अधिक बोलतो, आणि जो अधिक बोलतो तो कमी शिकवितो.

दुसरीकडे, शिक्षकांच्या खोलीतील श्रेणी या काळात उलटीपालटी झाली. पडद्यावर पान कसे दाखवावे, मुलांचे आवाज कसे बंद करावेत, हे वयाने आणि अधिकाराने मोठे असलेले सहकारी तिला दूरध्वनीवरून विचारू लागले. बेलच्या आश्रमातील आठ वर्षांच्या फ्रिस्कनचेच हे नवे रूप होते: अनुभवी शिक्षक अडखळले आणि नव्या साधनाला न बुजणारे कोवळे हात पुढे आले. या मानाचा आनंद खोटा नव्हता. तथापि ज्याला साधन वापरता येते त्याला शिकविता येते, हा समज त्यातूनच बळावला, आणि त्याचे ओझे तिच्यावरच पडले. तिला कोणी तरी वर्गात मागे बसून पाहावे आणि तास संपल्यावर चार शब्द सांगावेत, ही तिची गरज कोणाच्या ध्यानी आली नाही. यंत्र येते म्हणजे सारे येते, असे गृहीत धरले गेले.

वर्गाचे दारही आता राहिले नव्हते. मुलाच्या शेजारी आई, मागे आजोबा, आणि पलीकडे नोंद करून ठेवणारे यंत्र. पहिल्या वर्षीच्या शिक्षकाकडून उच्चार चुकतो, उदाहरणाचे उत्तर फळ्यावर वेगळेच निघते, एखाद्या मुलाला अकारण रागावले जाते. एरवी हे सारे चार भिंतींत घडते, दुसऱ्या दिवशी सुधारले जाते, आणि मुले ते उदारपणे विसरतात. धूळपाटीचा न्याय शिक्षकालाही लागू असतो, तो असा. काचेच्या पाटीने तो काढून घेतला. चुकीची फीत राहणार, या जाणिवेने नवशिक्षक पाठ केलेले बोलू लागतो. आणि पाठ केलेल्या तासात मुलाच्या अनपेक्षित प्रश्नाला जागा उरत नाही.

या साधनाने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारा एखादा मुलगा पडद्याच्या कडेच्या चौकटीत प्रश्न लिहून पाठवी. आवाजाचा, उच्चाराचा, इतरांच्या हसण्याचा अडसर गळून पडला की लाजाळू बुद्धीला वाट मिळते, हे अनेक शिक्षकांना याच काळात उमगले. परंतु ज्या घरात फोन एकच होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता, तेथील मुलाच्या वाट्याला काळा चौकोनही आला नाही. हजेरीत त्याचे नाव होते, पडद्यावर नव्हते. अनुपस्थित मुलाची रिकामी जागा वर्गात दिसते, डोळ्यांना खुपते. पडद्यावर मात्र उरलेले चौकोन सरकून ती जागा भरून काढतात.

तंत्राची निंदा किंवा स्तुती करण्यापेक्षा त्याचा क्रम पाहणे अधिक उपयुक्त ठरते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत जनावरांच्या गोठ्यालगत होती. पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत छापून त्यातून कविता, दृक्‌श्राव्य पाठ आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोचविण्याच्या त्यांच्या प्रयोगाची ख्याती सर्वदूर झाली. डिसेंबर २०२० मध्ये १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. या कथेतील संकेताच्या चौकोनाकडे सर्वांचे लक्ष गेले. वस्तुतः तिचा गाभा आधीच्या टप्प्यात आहे. मुलांची मातृभाषा कन्नड आहे, हे ओळखून त्यांनी पाठ्यपुस्तकातील मजकूर त्या भाषेत आणला. मूल कोण आहे हे आधी कळले. यंत्र नंतर आले. सर्फोजींच्या मुद्रणालयाशी या प्रयत्नाचे नाते जुळते ते येथे.

बेलच्या पद्धतीचे पुढे काय झाले, हेही विसरता येत नाही. तिने असंख्य गरीब मुलांना अक्षरओळख दिली. पण शिकविणारे मूल स्वतःच जेवढे जाणत होते, त्यापलीकडे ती जाऊ शकली नाही. पाठांतर झाले, आकलन राहिले. अखेर १८४६ पासून इंग्लंडने निराळी वाट धरली: होतकरू तरुणांना अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी करावयास लावण्याची. एकाने शेकडोंना शिकवावे, ही स्वस्ताईची कल्पना थकल्यावर माणसाने माणसाशेजारी बसून शिकणे पुन्हा आवश्यक वाटले, हा त्या इतिहासाचा निष्कर्ष.

तमिळनाडूतही निराळ्या प्रकाराने तसेच घडले. सप्टेंबर २०२१ मध्ये नववी ते बारावीचे आणि १ नोव्हेंबरला पहिली ते आठवीचे वर्ग पुन्हा उघडले. त्याच सुमारास, ऑक्टोबरअखेरीस, ‘इल्लम तेडि कल्वि’, म्हणजे घर शोधत येणारे शिक्षण, ही योजना सुरू झाली. वस्तीतल्याच तरुण स्वयंसेवकांनी, त्यांत स्त्रियाच अधिक, संध्याकाळी घराच्या ओट्यावर किंवा अंगणात थोड्या मुलांना गोळा करून शिकवावे, असे तिचे स्वरूप. तमिळमध्ये घरापुढच्या ओट्याला ‘तिण्णै’ म्हणतात, आणि जुन्या गावठी शाळांना ‘तिण्णै’ शाळाच म्हणत. बेलने वाळू पाहिली ती अशाच कोणत्या तरी देशी शाळेत. पडद्याने ओलांडलेले अंतर भरून काढण्यासाठी राज्याला ओट्याकडे परत यावे लागले.

आपली कल्पित शिक्षिकाही परत आली. मुले उंच झाली होती, त्यांची अक्षरे मात्र मंदावली होती. तिला स्वतःला वर्गात कोठे उभे राहावे, पाठमोरे होऊन किती वेळ लिहावे, गलबला किती चालू द्यावा, हे उमगत नव्हते. नोकरीचे दुसरे वर्ष सरत असताना तिचा पहिला दिवस उजाडला होता. तिच्या पिढीकडून साधनांचे प्रावीण्य मागितले जाते आणि ती ते देतेही. उलट तिने काय मागावे? निदान पहिली दोन-तीन वर्षे तिच्या तासाची नोंद परीक्षणासाठी ठेवली जाऊ नये, ठेवलीच तर अनुपस्थित राहिलेल्या मुलासाठी ठेवावी. आणि एखाद्या जाणत्या सहकाऱ्याने आठवड्यातून एक तास तिच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसावे. काचेच्या पाटीवर शिकविणाऱ्यालाही थोडी धूळ हाताशी लागते. ती पुरविणे हे यंत्राचे काम नव्हे, संस्थेचे आहे.